चार चाकांखालचा त्रिकोण

"अडीच टनी गाडी आहे, माल दोन टनसुद्धा नाही. उचल बिनधास्त." एका गोदामात हे वाक्य कानावर पडलं आणि दोनच मिनिटांत फोर्कलिफ्टची, म्हणजे पुढच्या काट्यांवर माल उचलणाऱ्या गाडीची, मागची वळणारी चाकं हलकी पडली, स्टिअरिंग लागेनासं झालं. मग दोन हेल्पर मागच्या काउंटरवेटवर, म्हणजे तोल राखणाऱ्या वजनावर, चढून उभे राहिले. हा प्रकार सर्रास चालतो, म्हणून त्यातलं विज्ञान सांगायलाच हवं.

तरफ आपण शाळेत शिकलो. इथे पुढच्या चाकांचा आस हा टेकू. एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला गाडीचं वजन आणि मागचा बिडाचा अवजड ठोकळा. गाडीच्या पाटीवर '२५०० किलो, ५०० मिमी' असं लिहिलेलं असतं. त्यातला दुसरा आकडा कोणी वाचत नाही. काट्यांच्या उभ्या भागापासून मालाचा गुरुत्वमध्य ५०० मिलिमीटरवर असेल, तरच अडीच टन!

त्या दिवशीची लाकडी पेटी दोन मीटर खोल होती, म्हणजे गुरुत्वमध्य साधारण १००० मिलिमीटरवर. आसापासून काट्यांपर्यंतचं अंतर ४५० मिमी धरू. पाटीप्रमाणे चालणारा आघूर्ण, म्हणजे वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर (४५० + ५००), २५०० × ९५०. त्याला पेटीच्या अंतराने, १४५० ने (४५० + १०००), भागलं की उरतात सुमारे १६४० किलो. पेटी होती १९०० किलोची. आतलं यंत्र पलीकडच्या टोकाला असतं तर हिशेब आणखी बिघडला असता. म्हणून बेढब माल उचलण्याआधी जड बाजू कोणती ते विचारायचं आणि ती बाजू काट्यांच्या मुळाशी टेकवायची.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. फोर्कलिफ्टला चाकं चार, पण ती उभी असते तीन बिंदूंवर. मागचा आस मधोमध एका खिळीवर झुलता बसवलेला असतो, त्यामुळे खडबडीत जमिनीवरही चारही चाकं टेकतात. तिपाई डुगडुगत नाही, तसंच हे. पण किंमत मोजावी लागते. दोन पुढची चाकं आणि मागची ती खिळी जोडली की एक त्रिकोण होतो. गाडी आणि माल यांच्या एकत्रित गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा त्या त्रिकोणात पडला पाहिजे. पुढच्या रेषेबाहेर गेला की गाडी नाकावर पडते, तिरप्या बाजूबाहेर गेला की कुशीवर.

त्रिकोण मागे निमुळता असतो. रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य त्या निमुळत्या भागाकडे सरकलेला असतो. म्हणजे वेगाने वळवलेली रिकामी फोर्कलिफ्टही सहज कलंडते, किंबहुना खाली धरलेल्या मालासह चाललेल्या गाडीपेक्षा लवकर! वेग दुप्पट केला की वळणावर बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो.

उंचीचंही तसंच. गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटरवर असताना जमीन तीन अंशांनी कलली, तर ओळंबा तीन सेंटिमीटर सरकतो. तोच दीड मीटरवर असेल तर आठ. म्हणून माल जमिनीपासून वीतभर उंच आणि मास्ट (काटे ज्यावर वर-खाली होतात तो उभा सांगाडा) मागे झुकवून न्यायचा, उचलायचा तो रॅकसमोर पोचल्यावरच.

हेल्पर मागे चढवल्याने हा त्रिकोण रुंद होत नाही. साखळ्या, मास्ट आणि पुढचा आस यांवरचा जादा ताण तसाच राहतो आणि गाडी उसळली की आधी फेकली जातात ती माणसंच. खंडेनवमीला गाडीला झेंडूचा हार घालावा, यंत्राबद्दलची ती कृतज्ञता मला मनापासून आवडते. पण काट्यांवर बांधलेल्या लिंबू-मिरचीने आघूर्ण तसूभरही कमी होत नाही.

माल उतरवल्यावरही बल थांबत नाही. दोन पाइप एकमेकांना चिकटवून ठेवून त्यांच्या खाचेत तिसरा, तेवढ्याच जाडीचा, १०० किलोचा पाइप ठेवा. घर्षण सोडून दिलं तर तो खालच्या प्रत्येक पाइपला सुमारे २९ किलोवजनाइतक्या जोराने बाहेर ढकलतो. खालचे पाइप जरा जरी फाकले, तर स्पर्शाचा कोन बदलतो आणि ती ढकल वाढते. ढकल वाढली की ते आणखी फाकतात. म्हणून पाचर पहिल्या थरालाच, दोन्ही बाजूंनी, वरचा पाइप काट्यांवरून सुटण्याआधी ठोकायची.