नव्या मॉडेलची तारीख पुढे गेली? आधी विचारा, गाडी तयार होऊन उभी आहे का?

बुकिंग केलेल्या गाडीची तारीख कंपनीने 'गुणवत्ता तपासणी'च्या नावाखाली पुढे ढकलली की अनेक जण बुकिंग रद्द करायला निघतात. तशी घाई करू नका. हा उशीर दोन प्रकारचा असतो आणि त्यानुसार तुम्ही घ्यायची काळजी बदलते.

पहिला उशीर उत्पादनाआधीचा. नव्या मॉडेलचा सुटा भाग पुरवठादाराला खऱ्या साच्यावर, खऱ्या वेगाने बनवून दाखवावा लागतो. सर्वसाधारण नियम सलग 300 नगांचा. माप मर्यादेच्या अगदी काठावर येत असेल तरी साचा दुरुस्तीला जातो, मग पुन्हा नग, पुन्हा मोजणी. यात आठवडे सहज जातात. सॉफ्टवेअरचे दुखणे याहून चिवट असते. व्होल्व्होने ईएक्स90 चे उत्पादन 2023 वरून 2024 वर नेले ते सॉफ्टवेअरच्या चाचण्या पूर्ण करण्यासाठी. असा उशीर असेल तर आमचा सल्ला सरळ आहे: थांबा. दोष गाडी विकल्यावर सापडला तर काय होते, हे टोयोटाच्या बीझेड4एक्समध्ये दिसले. जून 2022 मध्ये, गाडी बाजारात येऊन थोडेच दिवस झाले असताना, चाकांचे हब बोल्ट सैल होण्याच्या धोक्यामुळे जगभरातल्या सुमारे 2,700 गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

दुसऱ्या प्रकारात गाड्या तयार असतात, पण तपासणीसाठी यार्डात अडवलेल्या असतात. फोर्डने 2024 च्या सुरुवातीला नव्या एफ-150 पिकअप गाड्या अशाच रोखून धरल्या होत्या. तपासणी हवीच. मात्र उभ्या गाडीची झीज वेगळी असते आणि ती डिलिव्हरीच्या दिवशी पॉलिशखाली दिसत नाही.

सर्वांत आधी बॅटरी बघा. गाडी बंद असतानाही तिच्यातली कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे संगणक, थोडा करंट घेतात. 50 मिलिअँपिअरपर्यंत ते ठीक मानतात. तेवढ्यानेही 45 अँपिअर-अवरची बॅटरी 37 दिवसांत पूर्ण रिकामी होते आणि स्टार्ट न होण्याची वेळ त्याच्या बरीच आधी येते. एखादे युनिट सॉफ्टवेअरच्या दोषामुळे 'झोपले' नाही आणि अर्धा अँपिअर ओढत राहिले, तर चार दिवसही पुरत नाहीत. लेड-अॅसिड बॅटरी एकदा अशी तळाला गेली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसते. दुसऱ्या बॅटरीचा जम्प देऊन गाडी सुरू होते, पण बॅटरीचे आयुष्य घटलेले असते. गाडी रात्रभर बंद राहिल्यावर व्होल्टेज मोजायला सांगा. 12.6 च्या आसपास उत्तम. 12.4 च्या खाली असेल तर पूर्ण चार्ज करून लोड टेस्ट (भार देऊन केलेली चाचणी) मागा, आणि त्यात नापास झाली तर बॅटरी बदलून घ्या. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांतही 12 व्होल्टची वेगळी बॅटरी असते; ती लेड-अॅसिड असेल तर तिलाही हेच लागू.

टायरच्या बाजूवर उठवलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार अंक वाचा, ती टायर बनल्याची तारीख: 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. महिनोन्महिने एकाच जागी उभ्या गाडीचे टायर खालून चपटतात आणि वेग घेतल्यावर स्टिअरिंग थरथरते. टायर गरम झाल्यावर थरथर गेली तर चिंता नाही. वीसेक किलोमीटरनंतरही राहिली तर टायर बदलून मागा. वाहतुकीसाठी जास्त भरलेली हवा डिलिव्हरीपूर्वी कमी करायची राहून जाते, म्हणून दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरशी ताडून बघा. डिस्कवरचा हलका गंज चारदोन ब्रेकमध्ये निघतो. खड्डे पडलेला निघत नाही.

यार्डात दुरुस्ती झाली असेल तर खुणा राहतात. घट्ट कसून झालेल्या बोल्टवर रंगाची रेघ ओढलेली असते, बोल्टच्या डोक्यावरून थेट खालच्या पत्र्यावर. रेघ तुटून सरकलेली दिसली तर तो बोल्ट नंतर कोणीतरी फिरवला आहे. टॉर्क, म्हणजे तो नेमका किती घट्ट आहे, पुन्हा तपासून घ्या. दाराचे पॅड काढून लावले असेल तर कडेला प्लास्टिक पांढरे पडते आणि क्लिप नीट न बसल्याने खडखड होते.

पैसे पूर्ण भरण्याआधी डीलरकडून लेखी घ्या: उत्पादनाचा महिना, तुमच्या चॅसिस नंबरवर झालेली कामे, सॉफ्टवेअरची आवृत्ती, बाकी राहिलेला रिकॉल (दोषामुळे कंपनीने परत बोलावून करायची दुरुस्ती) आणि वॉरंटी कोणत्या तारखेपासून धरली आहे ते.