खाडीतील वाळू उत्खननाची परवानगी: पात्रता, कागदपत्रे आणि पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन

कोकणातील खाडीत वाळू काढण्याची परवानगी नदीपात्रातील वाळूगटाच्या लिलावापेक्षा वेगळी आहे. खाडीत भरती-ओहोटीचे पाणी खेळते, त्यामुळे किनारा नियमन क्षेत्राचे (सीआरझेड) नियम येथे लागू होतात. या क्षेत्राची आतली हद्द वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता हजारी 5 भाग जेथपर्यंत आढळते तेथपर्यंत धरली जाते. आपला पट्टा या हद्दीत येतो की नाही, हे अर्जदाराने मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यावर सर्वप्रथम तपासावे.

6 जानेवारी 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेने या क्षेत्रातील वाळू उत्खननाला सर्वसाधारण मनाई केली. मात्र त्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काढलेल्या ज्ञापनाने नौकानयनाला अडथळा ठरणारे वाळूचे पट्टे हाताने काढण्याची मुभा पारंपरिक किनारी समाजाला दिली. म्हणून पात्रतेचा पहिला निकष अर्जदाराची ऐपत नसून त्याचा व्यवसाय आणि पद्धत हा आहे. हातपाटीने किंवा डुबी मारून वाळू काढणारा स्थानिक या मुभेत बसतो, सक्शन पंप लावणारा बसत नाही. असे प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील सात सदस्यांच्या समितीपुढे येतात. त्या समितीत तांत्रिक संस्थेबरोबर स्थानिक मच्छीमारांचाही प्रतिनिधी असावा लागतो. समितीने निश्चित केलेल्या पट्ट्यांसाठी राज्याच्या किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस घ्यावी लागते.

मूल्यांकनात काय पाहायचे

या संपूर्ण प्रक्रियेतील कळीचा प्रश्न एकच आहे: खाडीत दरवर्षी नवीन वाळू किती येते? किती ब्रास वाळू काढता येईल, हे मागणीवरून नव्हे, तर या उत्तरावरूनच ठरायला हवे. केंद्राच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी त्यासाठी पुनर्भरण अभ्यास आवश्यक ठरवला असून पावसाळ्यापूर्वीच्या आणि नंतरच्या तळपातळीची मोजणी करून भरून आलेला साठा काढण्यास सांगितले आहे. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पुनर्भरण अभ्यासाविना केलेला जिल्हा सर्वेक्षण अहवाल (जिल्ह्यातील वाळूसाठ्यांची माहिती देणारा अहवाल) पर्यावरणीय मंजुरीसाठी ग्राह्य धरता येत नाही, असे स्पष्ट केले. माझ्या मते अर्जदाराने आणि गावानेही सर्वाधिक लक्ष याच अभ्यासावर द्यावे, कारण खोलीचे आकडे चुकीचे असतील तर बाकीच्या नकाशांना आणि दाखल्यांना काही अर्थ उरत नाही.

खाडीत हा अभ्यास नदीपेक्षा अवघड असतो. येथे वाळू पुराबरोबर वरून येते, तशी भरतीबरोबर मुखातूनही आत येते, त्यामुळे एका ठिकाणी भरलेला खड्डा म्हणजे दुसऱ्या ठिकाणची झीज असू शकते. मालवण तालुक्यातील देवबाग याचे चांगले उदाहरण आहे. एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी यांच्यामधील वाळूच्या अरुंद पट्टीवर हे गाव वसले आहे. अशा ठिकाणी खाडीचा तळ खोल गेला, तर काठाचा उतार तीव्र होऊन तो ढासळू शकतो आणि ज्यांनी एक पाटी वाळूही काढली नाही, त्यांच्या घरादारावर संकट येते. तळ खोल गेल्यास भरतीचे खारे पाणी अधिक आत शिरते आणि काठच्या विहिरींना व खाजणशेतीला (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतील शेतीला) धोका निर्माण होतो. म्हणून मूल्यांकनात विहिरींच्या पाण्याची क्षारता, खारे पाणी अडवणाऱ्या खारबंधाऱ्यांची स्थिती, पुलांच्या खांबांभोवतीची झीज, पाण्याचा गढूळपणा तसेच तिसऱ्या (शिंपले) व कालवे मिळण्याच्या जागा यांची नोंद काम सुरू होण्यापूर्वीच घेतली पाहिजे. तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना त्या जागा अचूक माहीत असतात, तेव्हा सर्वेक्षकांनी त्यांना विचारल्याशिवाय हा भाग पूर्ण मानू नये. हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती 50 मीटरचा पट्टा राखीव असतो. मालवण परिसरातील अर्जात 1987 मध्ये घोषित झालेल्या सागरी अभयारण्यापासूनचे अंतरही दाखवावे.

कागदपत्रे

किनारा नियमन मंजुरीच्या प्रस्तावासोबत विहित अर्ज, परिणाम मूल्यांकन अहवाल आणि अधिकृत संस्थेने भरती व ओहोटीच्या रेषा आखलेला 1:4000 प्रमाणाचा नकाशा लागतो. प्रस्तावित पट्टा त्याच नकाशावर अक्षांश-रेखांशासह दाखवावा लागतो. हातपाटी परवान्यासाठी व्यक्तीने किंवा सहकारी संस्थेने ओळख, स्थानिक रहिवास, पारंपरिक व्यवसाय आणि होडीची नोंदणी यांचे पुरावे तयार ठेवावेत. नेमकी यादी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जाहिरातीत पाहावी.

जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा हरकतींसाठी 21 दिवस खुला असतो. आपल्या खाडीचे आकडे पटत नसतील, तर तेव्हाच लेखी हरकत नोंदवून पोच घ्यावी. जेथे जनसुनावणी आवश्यक ठरते, तेथे किमान 30 दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीतही उपलब्ध करावा लागतो. पर्यावरणीय मंजुरी मिळाल्यास तिच्या अटींच्या पालनाचा अहवाल दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला सादर करावा लागतो. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे 30 दिवसांत अपील करता येते. सबळ कारण दाखवल्यास न्यायाधिकरण आणखी 60 दिवसांपर्यंतचा उशीर माफ करू शकते.