पलंगाचा कठडा : बसवण्याआधी वाचा, बसवल्यावर जपून ठेवा

आमचा कठडा दोन ते पाच वर्षांच्या, पलंगावर आपलं आपण चढता-उतरता येणाऱ्या मुलांसाठी आहे. बाळ त्याहून लहान असेल तर तो बसवू नका. खोकं आणून द्या, पैसे परत देऊ.

कारण पडण्याहून फट वाईट. कठडा आणि गादी यांच्यात चार बोटांची जागा झाली, की लहान बाळाचं अंग त्यातून खाली घसरतं आणि डोकं वर अडकतं. मोठं मूल हातापायाने जोर लावून सुटतं. तान्ह्याला ते जमत नाही आणि गळा दाबला गेल्यावर रडताही येत नाही. तान्ह्या बाळाच्या दोन्ही बाजूंना लोड-उशा लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण त्यात तोंड दाबलं जाऊन श्वास कोंडू शकतो. रांगायला लागलेलं बाळ तर लोडावर चढून पलीकडेच उतरतं. बाळाला पाळणा किंवा कठड्याची खाट द्या, टणक सपाट गादीची, आत उशी न ठेवता.

पलंग भिंतीला लावला म्हणजे ती बाजू निर्धास्त, असंही नाही. मूल झोपेत भिंतीला पाय लावून रेटतं आणि गुळगुळीत टाइलवर पलंग हळूहळू सरकत जातो. पलंगाच्या पायांखाली रबरी बूच घाला, नाहीतर त्या बाजूलाही कठडा लावा.

विकत घेण्याआधी गादी मोजा. जाडी ५ ते ८ इंच हवी. कठड्याचे गादीखाली जाणारे दांडे गादीच्या आणि मुलाच्या वजनाने दाबून धरलेले असतात. चार इंची हलका फोम ते धरून ठेवू शकत नाही. कापसाची गादी कडेला दबते आणि तिथेच फट पडते, तिच्यासाठी हा कठडा नाही. बॉक्सच्या पलंगाची चौकट फळीपेक्षा वर आलेली असेल तर दांडे सपाट बसत नाहीत, तिथेही नको.

सव्वासहा फुटी पलंग म्हणजे ७५ इंच. उशाकडे आणि पायथ्याकडे १०-१० इंच मोकळे सोडायचे, म्हणजे कठडा आणि पलंगाची पाटी यांच्यात मान अडकत नाही. उरले ५५. म्हणून आमचा कठडा ५४ इंची आहे. याहून लांब मागू नका.

बसवताना गादी उचला आणि दोन्ही दांडे फळीवर सपाट ठेवा. पट्टा पलंगाच्या रुंदीभर पलीकडे न्या, तिथल्या काठावर प्लेट अडकवा आणि बकलमधून पट्टा ताणा. गादी खाली सोडा आणि पुन्हा ताणा, कारण गादी बसली की पट्टा थोडा सैल पडतोच. आता पलंगावर गुडघे टेकून कठडा दोन्ही हातांनी जोरात बाहेर ढकला. गादी आणि जाळी यांच्यात बोट जात असेल तर सगळं पुन्हा करा. गादीच्या वर कठडा किमान १० इंच दिसला पाहिजे.

पट्टा सुटतो तो बहुतेक चादर बदलताना. आपण कोपरा उचलून चादर खोचतो आणि तेवढ्यात दांडा अर्धा इंच बाहेर येतो. म्हणून दर वेळी चादर घातली, की ढकलून बघा.

मूल झोपेत गोल फिरतं, पायथ्याकडूनही पडतं. तिथे खाली जाडसर सतरंजी घाला. टोकदार कोपऱ्याचं टेबल, स्टूल दूर ठेवा. खरं सांगायचं तर जागा असेल तर गादी जमिनीवर, भिंतीपासून हातभर लांब टाकणं सगळ्यांत सोपं, आणि त्याला आमचा कठडा लागत नाही.

तरीही पडलंच, आणि मूल बेशुद्ध झालं, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झटका आला, कानानाकातून पाणी किंवा रक्त आलं, किंवा नेहमीसारखं जागं होईना, तर वाट न बघता दवाखान्यात न्या किंवा १०८ ला फोन करा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ पडलं तर काही दिसलं नाही तरी डॉक्टरांना दाखवा.

मूल कठड्यावर पाय टाकून चढायला लागलं, की त्याच दिवशी तो काढा. आता त्यावरून पडणं हे पलंगावरून पडण्यापेक्षा उंचावरून असेल.