पक्ष कोणाचा? त्रिपुरीपासून एबी फॉर्मपर्यंत

उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे एबी फॉर्म पोहोचला नाही, तर पक्षात हयात घालवलेल्या कार्यकर्त्यालाही पक्षाचे चिन्ह मिळत नाही. ‘ए’मध्ये सही करण्याचा अधिकार कोणाला ते लिहिलेले असते, ‘बी’मध्ये उमेदवाराचे नाव. सही शाईचीच लागते, शिक्का चालत नाही. पक्षाच्या घटनेत काहीही लिहिलेले असो, तिकीटवाटपाच्या रात्री सगळे इच्छुक त्या सहीच्या मालकाच्या दारात उभे असतात.

पूर्वी ओढाताण अध्यक्षपदाभोवती असे. १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस पट्टाभि सीतारामय्यांना रीतसर हरवून काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पण गांधीजींनी तो स्वतःचा पराभव मानला, कार्यकारिणीतले बहुतेक सदस्य बाहेर पडले आणि नवी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी, असा ठराव काँग्रेसच्या त्रिपुरी अधिवेशनात झाला. एप्रिलमध्ये बोस यांनी राजीनामा दिला. सरकार आल्यावर पारडे पंतप्रधानांकडे झुकले. १९४७ मध्ये अध्यक्षपदावरून कृपलानी गेले, १९५१ मध्ये टंडन, आणि अध्यक्षपद नेहरूंनी स्वतःकडेच घेतले.

खरा निकाल १९६९ मध्ये लागला. कामराज, निजलिंगप्पा, मुंबईचे स. का. पाटील या बड्या पक्षनेत्यांच्या ‘सिंडिकेट’ने इंदिरा गांधींना पंतप्रधानपदी बसवताना त्या आपल्या मुठीत राहतील असा हिशेब केला होता. तो फसला. नोव्हेंबरमध्ये पक्षाध्यक्ष निजलिंगप्पांनी पंतप्रधानांचीच हकालपट्टी केली, पण बहुसंख्य खासदार इंदिराबाईंकडेच राहिले. संघटना आणि विधिमंडळ या दोन्हींत ज्याचे बहुमत, पक्ष त्याचा, ही निवडणूक आयोगाची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये उचलून धरली. पुढे काँग्रेसमध्ये १९७२ नंतर थेट १९९२ मध्ये संघटनात्मक निवडणुका झाल्या. मधल्या काळात महाराष्ट्राने १९८० ते १९८८ या आठ वर्षांत सहा मुख्यमंत्री पाहिले. आमदारांनी ‘सर्वाधिकार हायकमांडला’ असा एका ओळीचा ठराव करायचा आणि दिल्लीहून येणाऱ्या नावाची वाट बघायची.

भाजपची गोष्ट वेगळी. तिथे संघटन महामंत्री साधारणपणे संघाचा प्रचारक असतो. तो निवडणूक लढवत नाही, पण त्याचा शब्द डावलणे सोपे नसते. जनसंघाच्या काळात या वर्चस्वावर बोट ठेवणारे बलराज मधोक १९७३ मध्ये पक्षाबाहेर गेले. पाकिस्तानात जाऊन जिनांची स्तुती केल्यानंतर २००५ अखेर अडवाणींना अध्यक्षपद सोडावे लागले. प्रादेशिक पक्षांत तर हा प्रश्न घराण्यातच सुटतो, किंवा घराण्यातच पेटतो.

१९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने व्हिपला, म्हणजे सभागृहात मत कसे द्यायचे या पक्षादेशाला, धार दिली. आमदाराने पक्षाविरुद्ध मत दिले की आमदारकी धोक्यात. कायदा आला घोडेबाजार थांबवायला, पण त्याने सभागृहातला पक्षांतर्गत विरोधही गप्प केला. एकतृतीयांश आमदार एकत्र फुटले तर आमदारकी वाचत असे; २००३ मध्ये ही पळवाट बंद झाली, तेव्हा बंडखोरांपुढे दुसरा मार्ग उरला: ‘मूळ पक्ष आम्हीच’ असा दावा करण्याचा.

शिवसेनेच्या वादात १७ फेब्रुवारी २०२३ रोजी आयोगाने पक्षघटनेची कसोटी बाजूला ठेवली आणि निवडून आलेल्यांचे बहुमत पाहून नाव व धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की व्हिप (पक्षादेश काढणारा प्रतोद) नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. पण राजकीय पक्ष कोणता, हे ठरवताना जानेवारी २०२४ मध्ये विधानसभाध्यक्षांनी पुन्हा आमदारांच्या संख्येचाच आधार घेतला. पुढच्याच महिन्यात राष्ट्रवादीचे घड्याळही त्याच हिशेबाने अजित पवारांकडे गेले.