द चीट

अमेरिकन मूकचित्रपट. प्रदर्शन डिसेंबर १९१५. दिग्दर्शक सेसिल बी. डिमिल, कथा हेक्टर टर्नबुल, छायाचित्रण ॲल्विन वायकॉफ. प्रमुख भूमिका फॅनी वॉर्ड, जॅक डीन व सेस्यू हायाकावा.

रिचर्ड हार्डी या शेअर-व्यावसायिकाचा पैसा गुंतवणुकीत अडकलेला असतो. पत्नी ईडिथचा उंची कपड्यांवरचा खर्च मात्र आवरत नाही. ती रेड क्रॉस निधीतील १०,००० डॉलर सट्ट्यात बुडवते आणि तोरी या धनाढ्य जपान्याकडून अब्रूच्या बोलीवर तेवढेच घेते. पतीला नफा झाल्यावर ती पैसे परत नेते. तोरी ते नाकारून तिच्या खांद्यावर आपल्या मुद्रेचा डाग देतो. ती गोळी झाडते. आळ पती स्वतःवर घेतो.

चित्रपटाची कीर्ती प्रकाशयोजनेमुळे आहे. त्या काळी ताणलेल्या कापडातून गाळलेला सूर्यप्रकाश दृश्यात सर्वत्र सारखा पसरवत. येथे मोजक्या प्रसंगांत कार्बन-आर्क स्पॉटलाइट एकाच बाजूने टाकले आहेत. फिल्मची उजेड व अंधार यांतील फरक टिपण्याची क्षमता तुटपुंजी असल्याने छायेतील तपशील पूर्ण काळा होतो. नट झोतातून किंचित सरकला तरी चेहरा हरवतो. म्हणून अशा दृश्यांत हालचाल बेताची दिसते. शोजी (जपानी कागदी) पडद्याचा प्रसंग नीट पाहण्याजोगा आहे : जखमी तोरीची आकृती कागदामागे खचते आणि कागदावर रक्ताचा ओघळ उमटतो. तत्कालीन फिल्म लाल रंगाला जवळजवळ अंध असल्याने तो काळा, ठसठशीत येतो.

या पद्धतीला, निर्मात्या लास्की कंपनीच्या नावावरून, ‘लास्की प्रकाशयोजना’ म्हणतात. तिचा उगम वादग्रस्त आहे. डिमिल यांच्या आत्मचरित्रानुसार ‘द वॉरेन्स ऑफ व्हर्जिनिया’च्या (१९१५) वेळी नाट्यगृहातून आणलेल्या दिव्यांनी प्रारंभ झाला. चित्रपट-अभ्यासक ली जेकब्स यांनी अमेरिकन नाट्यनिर्माते डेव्हिड बेलास्को यांच्या रंगभूमीशी नाते दाखवले आहे. कलादिग्दर्शक विल्फ्रेड बकलंड बेलास्को यांच्याकडूनच १९१४ च्या सुमारास आले, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि तत्सम परिणाम डॅनिश चित्रपटांत आधीही आढळतात.

जपानी-अमेरिकन समाजाने चित्रपटाचा निषेध केला. १९१८ च्या पुनःप्रदर्शनात उपशीर्षके (दृश्यांमधल्या मजकुराच्या पाट्या) बदलून तोरीला ब्रह्मदेशी हस्तिदंत-व्यापारी करण्यात आले. आज पाहायला मिळते ती बहुधा हीच आवृत्ती. त्यामुळे मूळ उपशीर्षकांवर आधारलेली विधाने जपून करावी लागतात. १९२३, १९३१ व १९३७ (फ्रेंच) मध्ये पुनर्निर्मिती. शेवटच्या चित्रपटात हायाकावा पुन्हा होते.