विटा-कौलांच्या संघटनेतून निघालेले कुंभार

'एनसीका' म्हणजे नॅशनल काउन्सिल ऑन एज्युकेशन फॉर द सिरॅमिक आर्ट्स, अमेरिकेतल्या सिरॅमिक कलाकारांची आणि ती कला शिकवणाऱ्यांची संस्था. ती १९६६ साली स्वतंत्र झाली. 'स्वतंत्र झाली' असं मुद्दाम म्हणते आहे, कारण त्याआधी ही माणसं इंजिनिअरांच्या घरात राहत होती.

एडवर्ड ऑर्टन (धाकटे) यांच्या खटपटीने १८९४ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात सिरॅमिक्सचं शिक्षण सुरू झालं. ते होतं विटा, कौलं आणि सांडपाण्याचे नळ बनवणाऱ्या कारखान्यांसाठी. १८९८ मध्ये त्याच वर्तुळातून अमेरिकन सिरॅमिक सोसायटी उभी राहिली. याच ऑर्टननी जर्मनीतल्या सेगर यांच्या कल्पनेवरून तापमान जोखणारे शंकू अमेरिकेत तयार केले. बोटभर उंचीचा मातीचा त्रिकोणी सुळका भट्टीत ठेवायचा आणि झरोक्यातून बघत राहायचं. आच पुरेशी झाली, की तो हळूहळू मान टाकतो. १० नंबरचा साधारण १३०० अंश सेल्सिअसला वाकतो. नुसती उष्णता नाही, ती किती वेळ मुरली तेही त्यातून कळतं. कलाकारांनी इंजिनिअरांचं घर सोडलं, पण हा शंकू काही सोडला नाही!

१९०० साली न्यूयॉर्क राज्यातल्या आल्फ्रेड गावी सिरॅमिक्सची शाळा निघाली. पहिले संचालक चार्ल्स बिन्स इंग्लंडच्या रॉयल वूस्टर पोर्सिलेन कारखान्यातून आलेले. त्यांच्या हाताखाली शिकलेले लोक पुढे ठिकठिकाणी शिक्षक झाले.

खरं वळण आलं दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४४ च्या 'जी. आय. बिल'मुळे परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला आणि कॉलेजांचे कलाविभाग भरून गेले. युद्धात विमानदलात असलेले पीटर व्हॉल्कस मोंटानात याच कायद्यामुळे शिकायला आले, मातीत हात घातला आणि तिथेच रमले. १९५४ मध्ये ते लॉस एंजेलिसला शिकवू लागले. त्यांची भांडी फाटलेली, चिरलेली, रचून उंच केलेली. नळाच्या कारखान्याला अशा कामाचा काय उपयोग!

आपल्याकडे आव्याची, म्हणजे कुंभाराच्या भट्टीची, आच ओळखायला घरातलं जाणतं माणूस शिकवतं. अमेरिकेतल्या या नव्या शिक्षकांपैकी बहुतेकांच्या मागे असं घराणं नव्हतं. ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, का उतरलं, चाकावर हात कसा धरावा, विद्यार्थ्याला काय सांगावं, हे एकमेकांनाच विचारायचं. सिरॅमिक सोसायटीच्या शिक्षणविषयक शाखेत ते जमत, पण तिथली मुख्य चर्चा उद्योगाची. म्हणून ते वेगळे झाले, तीच 'एनसीका'. आल्फ्रेडचे टेड रँडल हे संस्थापकांपैकी एक. नावात 'एज्युकेशन' हा शब्द आधी आणि 'आर्ट्स' नंतर आहे, ते मला फार योग्य वाटतं.

तेव्हापासून दर वसंतात वेगळ्या शहरात अधिवेशन भरतं. मंचावर चाक फिरतं, शाळकरी मुलांच्या कामाचंही प्रदर्शन लागतं. २०२० मध्ये रिचमंडचं अधिवेशन करोनामुळे रद्द झालं.

मला सगळ्यात आवडते ती कपांची विक्री. कलाकार आपापले कप दान देतात आणि त्यांच्या विक्रीच्या पैशातून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळतात. घेणारे रांग लावून आत शिरतात, कप उचलतात, कपाच्या कानात बोट घालून पकड बघतात, उलटा करून खालची सही वाचतात.