कंपनी म्हणते वॉरंटी नाही, मग ग्राहक आयोगात अर्ज कसा करायचा? (पात्रता, कागदपत्रं, फी)

कापसाचे पैसे आले तसा आमच्या मेव्हण्याने ४३ इंची टीव्ही घेतला, दुकानदार ओळखीचा, शोरूमपेक्षा चार हजार कमी, अजून काय पाहिजे. आठ महिन्यात स्क्रीनवर उभी रेघ आली. सर्व्हिस सेंटरवाल्याने सिरियल नंबर टाकला अन् म्हणे ह्याची वॉरंटी दीड वर्षापूर्वीच सुरू झालेली, संपली, आणि हे दुकान आमचं डीलर पण नाही. मला फोन, "दाजी आता काय करू?" मी विचारलं पक्कं बिल शे का? तर व्हॉट्सॲपवर एका चिठोऱ्याचा फोटो आला, वर 'एस्टिमेट' छापलेलं, ना जीएसटी नंबर ना सिरियल नंबर.

असं झालं की लोकं सर्व्हिस सेंटरच्या पोराशी भांडत बसतात, त्याचा काही उपयोग नाही. कंपनीची वॉरंटी ही कंपनीच्या अटींवर असते आणि अनधिकृत दुकानातून किंवा बाहेरदेशातून आलेल्या मालाला बऱ्याच कंपन्या ती देत नाहीत. पण म्हणून तुमचा हक्क संपत नाही, तो विकणाऱ्याकडे वळतो. म्हणून त्या पोराकडून फक्त जॉबशीट (वस्तू तपासायला दिल्याची सर्व्हिस सेंटरची पावती) घ्या आणि त्यावर वॉरंटी का नाकारली ते लिहून घ्या, तोंडी नको. हा कागद पुढे लई कामाचा आहे.

आता अर्ज कोण करू शकतो ते बघू. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे पैसे देऊन स्वतःच्या वापरासाठी वस्तू घेणारा कोणीही. परत विकायला घेतली असेल तर नाही, पण स्वतःच्या पोटापाण्याच्या धंद्यासाठी, म्हणजे एकट्याने फोटो स्टुडिओ चालवणाऱ्याने कॅमेरा घेतला, तर चालतं. मुदत २ वर्ष, भानगड झाली तेव्हापासून. आणि नंदुरबार-नवापूरवाल्यांनी हे नीट वाचा: सुरतेहून स्वस्तात माल आणला तरी केस करायला सुरतेला जायची गरज नाही, आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे जिल्ह्याच्या ग्राहक कोर्टात, करता येते. म्हणजे शहादावाला नंदुरबारला, शिरपूरवाला धुळ्याला, चोपडा-चाळीसगाववाला जळगावला.

फी? वस्तूला दिलेली रक्कम ५ लाखापर्यंत असेल तर शून्य. जिल्हा आयोगाची हद्द ५० लाखापर्यंत आहे, टीव्ही-मोबाईलला त्यापुढे जायचं कामच नाही.

कोर्टाआधी १९१५ ला फोन लावा, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, मराठीतून बोलता येतं, पुष्कळ प्रकरणं इथंच मिटतात. ऑनलाईन घेतलं असेल तर त्या साईटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, त्याने ४८ तासात पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायचं असा २०२० चा नियम आहे. नाहीच ऐकलं तर दुकानदाराला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवा, साधी भाषा चालते, १५ दिवसाची मुदत द्या, पावती जपून ठेवा.

मग ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी वेबसाईटवर खातं काढून तक्रार भरायची किंवा थेट जिल्हा आयोगात कागद नेऊन द्यायचे. वकील लागतोच असं नाही, स्वतः उभं राहता येतं. कागदं ही: तक्रार अर्ज (काय घेतलं, कधी, कितीला, काय बिघडलं, काय मागता), प्रतिज्ञापत्र, बिल, वॉरंटी कार्ड, जॉबशीट, नोटीसची कॉपी आणि पोस्टाची पावती, ओळख-पत्त्याचा पुरावा, खराबीचे फोटो. विरुद्ध पक्ष म्हणून दुकानदार आणि कंपनी दोघांना घाला, एकालाच घातलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

बिल कच्चं असेल तर? हातपाय गाळू नका. फोनपे-गुगलपेची नोंद, बँक स्टेटमेंट, दुकानदाराशी झालेली व्हॉट्सॲप चॅट, सगळं लावा. उलट बिल न देणं हीच कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे, तेही अर्जात लिहा. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हा शिक्का खराब मालाला लागू नाही, बिलावर मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसात परत घ्यायला नकार देणं चूकच धरतात. मेव्हण्याकडे फोनपेची नोंद होती म्हणून जमलं, रोख दिले असते तर अवघड होतं.

घेतानाच बघायचं तर पक्क्या बिलावर १५ अक्षरी जीएसटी नंबर असतो, महाराष्ट्रातला २७ ने आणि गुजरातचा २४ ने सुरू होतो, सिरियल नंबर किंवा मोबाईलचा आयएमईआय (त्या फोनचा ओळख नंबर) लिहूनच घ्या. मोबाईल असेल तर *#०६# दाबा, नंबर येईल, आधी 'केवायएम' (KYM) ही इंग्रजी अक्षरं, मग स्पेस, मग तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर करा, ब्लॅकलिस्ट किंवा डुप्लिकेट आलं तर दुकानातून तसंच बाहेर पडा. आणि ऑनलाईनला 'सेलर वॉरंटी' लिहिलेलं असेल तर ती कंपनीची नाही, विकणाऱ्याची.

अर्ज दाखल झाल्यावर साधारण २१ दिवसात तो स्वीकारायचा की नाही ते ठरतं, मग समोरच्याला उत्तराला ३० दिवस, वर १५ वाढवून मिळतात. निकाल ३ महिन्यात, वस्तू तपासायला लॅबला पाठवायची असेल तर ५ महिन्यात, असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात तारखा पडतात ही गोष्ट वेगळी. तोवर टीव्ही गल्लीतल्या मिस्त्रीकडून उघडू नका, सील तुटलं की दुकानदार म्हणणार तुम्हीच बिघडवला.